राज्याभिषेक शुक्रवारी की शनिवारी? ६ जून की १६ जून? तारखांचा गुंता सोडवायला मदत हवी आहे

रायरी:

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या तारखेवरून वाद पेटला आहे. सगळ्यांकडे पुरावे आहेत, तरी कोणाचेच कोणाशी जुळत नाही. मुद्दे असे:

जेधे शकावलीत (जेधे घराण्याच्या शकवार टिपणांत) राज्याभिषेकाची नोंद शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी आहे. राज्याभिषेक शक मात्र ज्येष्ठ शुद्ध १३ पासून मोजतात. इंग्रज वकील (म्हणजे दूत) हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर हजर होता आणि त्याच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४, शनिवार. एकाने मोबाइलमध्ये ६ जून १६७४ टाकून पाहिले तर बुधवार आला. आणखी एकाचे म्हणणे, खरी तारीख १६ जून आहे.

यावरून गटातल्या दोघांनी निष्कर्ष काढला की शकावलीत तिथी-वारांचा भरवसा नाही, आणि मग त्याच शकावलीवर आधारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही डळमळीत आहे. मला हे पटत नाही, पण उत्तर देता येत नाही.

दुसरा प्रश्न. पत्राच्या शेवटी 'छ ५ मोहरम, सुहूर सन खमस सबैन व अलफ' असा काळ असेल तर तारीख कशी काढायची? हिजरी तारखा बदलून देणाऱ्या संकेतस्थळावर १०७५ टाकले तर १६६४ येते. म्हणजे ते पत्र राज्याभिषेकाच्या दहा वर्षे आधीचे धरायचे का?

घटिकापात्र:

रायरी, तुमच्या गटातले सगळे बरोबर आहेत. मोबाइलही त्याच्या गणनेने बरोबर आहे. दिवस एकच आहे, तो मोजणारी यंत्रणा प्रत्येकाची निराळी आहे.

आधी शुक्रवार-शनिवार. शकावलीची नोंद अर्धी वाचली जाते, म्हणून गोंधळ होतो. तिथीपुढे घटी-पळे दिली आहेत, सुमारे २१ घटी, आणि पुढे म्हटले आहे की तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले. घटिका म्हणजे २४ मिनिटे, ६० घटिकांचा दिवस. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटे. जूनच्या मध्यावर कोकणपट्टीत सूर्योदय आजच्या घड्याळाने सहाच्या सुमारास होतो, म्हणजे सिंहासनारोहण पहाटे पावणेपाचच्या आसपास झाले. सूर्य उगवलेला नाही म्हणून पंचांगाप्रमाणे अजून शुक्रवारच चालू आहे. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून त्यांच्या लेखी शनिवार लागून पावणेपाच तास झालेले आहेत. ऑक्झिंडेन सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेला तेव्हा महाराज सिंहासनावर बसलेले होते, आणि त्याचा दिवस ६ जून. दोन्ही साक्षी एकमेकींना घट्ट बसतात.

तिथीचेही तसेच. शुक्रवारच्या सूर्योदयाला द्वादशी होती, म्हणून त्या दिवसाची तिथी द्वादशी लिहिली. ती २१ घटिकांनी, म्हणजे साधारण साडेआठ तासांनी, दुपारी अडीच-पावणेतीनला संपली आणि त्रयोदशी लागली. पहाटे प्रत्यक्ष राज्याभिषेक झाला तो त्रयोदशीत. म्हणून शक त्रयोदशीपासून. शकावलीकाराने घटी-पळे उगाच लिहिलेली नाहीत; ती आपण गाळतो आणि मग विसंगती दिसली म्हणतो.

आता ६ की १६. पोप ग्रेगरीची कॅलेंडर-सुधारणा ऑक्टोबर १५८२ मधली. गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला. पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली. इंग्लंडने स्वीकारली सप्टेंबर १७५२ मध्ये: बुधवार २ तारखेनंतर गुरुवार १४. तोपर्यंत इंग्रज जुनी जुलियन गणनाच चालवत होते. शिवकाळात दोन्हींत १० दिवसांचे अंतर आहे. ऑक्झिंडेनचा ६ जून जुलियन, तोच दिवस ग्रेगोरियन गणनेत १६ जून. बहुतेक मोबाइल आणि संगणकीय भाषा ग्रेगोरियन गणना सरळ मागे ताणतात, म्हणून त्यांना ६ जून १६७४ विचारले की ते महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दहा दिवस आधीचा वार सांगतात. तो बुधवारच येणार. लिनक्सवरची 'कॅल' ही आज्ञा मात्र सप्टेंबर १७५२ मध्ये गणना बदलते, तिथे जून १६७४ काढलात तर ६ तारखेखाली शनिवारच दिसेल.

वरच्या दोन सुधारणांत एक गोष्ट लक्षात घ्या. तारखा उडाल्या, पण वार तुटला नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांचे वार एकच आहेत. म्हणून तारखांच्या वादात पहिला पंच वार.

वार तपासायला जंत्री हाताशी नसली तरी चालते. ग्रेगोरियन गणनेत ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि त्यांना ७ ने पूर्ण भाग जातो. म्हणून जुलियन तारखेत १० मिळवा, वर्षात ४०० मिळवा आणि मोबाइलचे कॅलेंडर उघडा. ६ जून १६७४ चे १६ जून २०७४: शनिवार. अफजलखान वध १० नोव्हेंबर १६५९, शकावलीत मार्गशीर्ष शुद्ध ७ गुरुवार. २० नोव्हेंबर २०५९ पाहा, गुरुवार. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८०, चैत्र शुद्ध १५ शनिवार. १३ एप्रिल २०८०, शनिवार. आणि जन्म, फाल्गुन वद्य ३ शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३०. १ मार्च २०३० ला शुक्रवारच आहे.

१० मिळवायचे ते १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंतच. १७०० हे जुलियन गणनेत लीप वर्ष, ग्रेगोरियनमध्ये नाही, म्हणून तिथून फरक ११ होतो. राजाराम महाराजांचे निधन शके १६२१ फाल्गुन वद्य ९, म्हणजे २ मार्च १७००. फरक नुकताच बदलला होता, इथे १० मिळवणारे हमखास एका वाराने चुकतात. पानिपत (१४ जानेवारी १७६१, बुधवार) मात्र इंग्रजांनी गणना बदलल्यानंतरचे आहे, तिथे काहीच मिळवायचे नाही.

शकाचे सनात रूपांतर करताना सरसकट ७८ मिळवणे ही दुसरी नेहमीची चूक. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. शाहिस्तेखानावरचा छापा शके १५८५ चैत्र शुद्ध ८, म्हणजे १६६३ चा एप्रिल. सुरतेची पहिली लूट त्याच शके १५८५ च्या पौषातली, म्हणजे १६६४ चा जानेवारी. शक एकच, सन दोन. महाराजांच्या जन्माच्या शके १५५१ मध्ये ७८ मिळवून '१६२९ चा जन्म' लिहिणारे लेख अजून फिरतात.

सुरतेबाबत आणखी एक खाच आहे. इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. सुरतेच्या वखारीच्या कागदांत त्या लुटीच्या वेळी जानेवारी १६६३ च चालू आहे. नंतरचे संपादक १६६३/६४ असे दुहेरी लिहितात ते यासाठी. हे माहीत नसले की 'इंग्रजांच्या समकालीन कागदात १६६३ आहे, तुमची मराठी साधने वर्षभर चुकतात' असा युक्तिवाद उभा राहतो.

शक बरोबर वाचला आहे ना, हे संवत्सराच्या नावावरून पडताळता येते. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी राहील तो साठ संवत्सरांच्या यादीतला, प्रभवापासूनचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. १५९६ + १२ = १६०८, बाकी ४८, आनंद. १५५१ ची बाकी ३, शुक्ल. अफजलखान वधाच्या १५८१ ची ३३, विकारी. शकाचा आकडा फाटला असेल किंवा कोणी गत (सरलेल्या वर्षांच्या) शकाऐवजी वर्तमान (चालू वर्षाचा) शक लिहिल्यामुळे एकाचा फरक पडला असेल तर संवत्सराचे नाव ती चूक उघडी पाडते.

मोडीवाचक:

घटिकापात्र यांनी पहिला भाग सविस्तर सांगितला आहे. मी सुहूर सनाचे बघतो, कारण 'दहा वर्षे आधीचे पत्र' ही चूक फार घातक आहे. एका रूपांतरामुळे पत्रातली सगळी माणसे, हुद्दे, किल्ले चुकीच्या दशकात जाऊन बसतात.

सुहूर सन आणि हिजरी सन एक नव्हेत. १३४४ च्या सुमारास, हिजरी ७४५ असताना, दोन्हींचे आकडे सारखे होते. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे; सुहूर वर्ष सौर, सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलते. म्हणून दर ३३ वर्षांनी हिजरी एका वर्षाने पुढे पळते. १६७४ पर्यंत ३३० वर्षे झाली, फरक १० चा झाला. पानिपतच्या वेळी तो १३ आहे: हिजरी ११७४, सुहूर ११६१. तुमच्या संकेतस्थळाने सुहूर १०७५ ला हिजरी १०७५ समजून उत्तर दिले, तिथेच दहा वर्षे गेली.

नियम सोपा आहे. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. शिवकाळात मृग लागे तो जुलियन मेच्या २४ तारखेच्या आसपास. आजचा ७-८ जून तिथे लावू नका; नक्षत्रांची गणना निरयन, म्हणजे ऋतूंऐवजी ताऱ्यांना धरून, असल्यामुळे साडेतीनशे वर्षांत ती काही दिवस सरकली आहे, आणि दहा दिवस गणनेचे.

आता शब्द. आकडे अरबी, आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी अलफ म्हणजे हजार. अहिदे किंवा इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००, मयातैन २००. लिहिणाऱ्यागणिक रूपे थोडी बदलतात. तुमचे खमस सबैन व अलफ म्हणजे ५ + ७० + १०००, १०७५. पानिपतचे साल इहिदे सितैन मया व अलफ.

वाचताना चूक होते ती शेपटीत. मोडीत शब्द न तोडता लिहितात, आणि सित की सितैन, समान की समानीन हे शेवटच्या एका अक्षरावर ठरते. कागदाची कड तिथेच झिजलेली असली तर ६ चे ६० होतात. मूळ फारसी कागद असेल तर आणखी एक धोका: नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नीट दिले नसतील तर सबा आणि तिसा सारखेच दिसतात, म्हणजे ७ आणि ९, ७० आणि ९० यांची अदलाबदल होते. अशा ठिकाणी दोन्ही वाचने करून दोन्हींचा वार काढावा.

आता 'छ ५ मोहरम'. छ नंतरचा आकडा चंद्राची तारीख. मराठी कागदांत महिना आणि तारीख हिजरी पण साल सुहूर अशी सरमिसळ असते, आणि सगळ्यात जास्त माणसे इथेच फसतात. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना असला तरी सुहूर वर्ष मोहरमने सुरू होत नाही. सुहूर १०७५ हे साधारण २४ मे १६७४ ते २३ मे १६७५ (जुलियन). हिजरी १०८५ चा मोहरम लागला २८ मार्च १६७४ ला, म्हणजे हे सुहूर वर्ष सुरू होण्यापूर्वीच तो संपला. या वर्षात पडणारा मोहरम हिजरी १०८६ चा, १८ मार्च १६७५ ला लागलेला. म्हणून तुमच्या पत्राची तारीख २२ मार्च १६७५ जुलियन, १ एप्रिल १६७५ ग्रेगोरियन, वार सोमवार. शके १५९७ राक्षस संवत्सर, चैत्र शुद्ध पक्ष. पाडवा होऊन गेला आहे, म्हणून शकात ७८. पण मृग यायचा आहे, म्हणून सुहूर सनात ६००. त्याच दिवशी मुंबईच्या इंग्रजाने पत्र लिहिले असते तर २५ मार्च उजाडायचा म्हणून त्याने साल १६७४ घातले असते.

चंद्रदर्शनामुळे एका दिवसाची सूट नेहमी ठेवा. चांदरात साधारण प्रतिपदा-द्वितीयेला, म्हणून छ चा आकडा तिथीपेक्षा एक-दोनने मागे असतो. ५ मोहरमला शुद्ध षष्ठी-सप्तमी यायला हवी. फरक तीन-चार दिवसांचा आला तर महिना किंवा साल चुकले आहे हे समजा. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एखाद्या सुहूर वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच चांद्र तारखा पुन्हा येतात. तशा वेळी केवळ सनावरून निकाल लागत नाही, मजकुरातला पाऊस, पीक, स्वारी बघावी लागते.

आणि फसली सन (महसुलाच्या हिशेबाचा) भेटला तर तो वेगळाच. दख्खनचा फसली ५९० किंवा ५९१ मिळवून, उत्तरेचा ५९२-५९३ मिळवून. सुहूर आणि दख्खनी फसली यांत ९ चा फरक कायम राहतो.

शंकेखोर:

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण मूळ वाद यातून सुटत नाही असे मला वाटते. वार जुळला याचा अर्थ नोंद आतून सुसंगत आहे, एवढाच. ती खरी आहे असा होत नाही. शंभर वर्षांनी बसलेल्या एखाद्या जाणत्या जोशाला मागची तिथी-वार गणिताने काढता येत होती. त्याने चुकीच्या दिवसाला अचूक वार लावला तर? उलट, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने दोन वर्षांनी आठवून लिहिताना वार चुकवला तर त्याची साक्ष खोटी ठरवायची का? बखरीत वार चुकला म्हणून बखर फेकायची आणि शकावलीत जुळला म्हणून ती डोक्यावर घ्यायची, हा न्याय मला अपुरा वाटतो.

शिवाय संवत्सर जुळणे हा पुरावा म्हणून मोजूच नये. ते शकावरूनच येते, त्याची वेगळी साक्ष कुठली?

घटिकापात्र:

शंकेखोर, संवत्सराबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण मान्य. ते वाचनातली चूक पकडायला उपयोगी आहे, घटनेला साक्षीदार म्हणून नाही.

वाराबद्दल. एखाद्याने वार अंदाजाने ठोकला तर तो बरोबर येण्याची शक्यता सातात एक. म्हणून एका नोंदीचा वार जुळण्याला मी फार वजन देत नाही. तीन स्वतंत्र नोंदी जुळल्या तर योगायोगाची शक्यता ३४३ त एक होते. जेधे शकावलीत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत आणि वर चार ठळक नोंदी तपासून दाखवल्या. अंदाजाने लिहिणाऱ्याला हे साधत नाही. राहिला तुमचा गणिती जोशी. तो मागचा वार अचूक काढू शकेल हे खरे, पण 'तीन घटिका रात्र उरली असता' हे त्याला गणिताने मिळणार नाही. ते त्या वेळच्या टिपणातूनच यायला हवे, आणि इंग्रज वकिलाच्या सकाळच्या भेटीशी ते जुळते. त्या दोघांनी एकमेकांचे कागद पाहिलेले नव्हते. अशी साक्ष मी खरी मौल्यवान मानतो.

जन्मतारखेलाही हाच निकष लावावा. बखरींतली परंपरा शके १५४९ वैशाखाची, म्हणजे १६२७. बहुतेक बखरी महाराजांनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या, आणि तिथीच्या बाबतीत त्यांची आपसांत एकवाक्यता नाही. समोर तीन साधने आहेत. एक, जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रकाशात आणली. दोन, कवींद्र परमानंदाचे शिवभारत. ते महाराजांच्या हयातीतले, त्यांच्याच आश्रयाला असलेल्या कवीचे. त्यात शक शब्दांत दिला आहे: भू, बाण, प्राण, चंद्र. भू १, बाण ५, प्राण ५, चंद्र १. असे शब्दांक उजवीकडून वाचायचे असतात, पण १५५१ दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे वाचनाच्या दिशेवरूनही वाद घालायला जागा नाही. तीन, जोधपूरची जन्मकुंडली: विक्रम संवत १६८६, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार. १५५१ मध्ये १३५ मिळवले की १६८६.

या कुंडलीवर एक चांगला आक्षेप घेतला जातो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. आग्र्याहून सुटका आपल्याकडे श्रावण वद्य १२, राजस्थानी पत्रात तीच भाद्रपद वदि १२ होणार. मग जोधपूरचा 'फाल्गुन वदि ३' म्हणजे आपला माघ वद्य ३, म्हणजे महिनाभर आधीचा जन्म नाही का? इथे वार निकाल देतो. १९ फेब्रुवारीच्या एक चांद्रमास आधी, २९ किंवा ३० दिवस मागे गेलात तर २० किंवा २१ जानेवारी, बुधवार किंवा गुरुवार. शुक्रवार येत नाही. कुंडलीत शुक्रवार स्पष्ट आहे, म्हणजे तिच्यातला फाल्गुन दक्षिणी पद्धतीचा अमान्त (अमावास्येला संपणारा) फाल्गुनच. कर्त्याने दक्षिणेकडून आलेली माहिती आहे तशी उतरवली असावी, असे मला वाटते.

प्रत्यक्षदर्शीने वार चुकवला तर साक्ष फेकू नये, याबाबत मी तुमच्याबरोबर आहे. तिथी, वार, घटिका यांपैकी एखादे चुकले तर आधी दिवसाची सीमा तपासावी. शाहिस्तेखानावरचा छापा रविवारी मध्यरात्रीनंतरचा. पंचांगाला तो रविवारच. इंग्रजी हिशेबाने ६ एप्रिल, सोमवार. आणि मोगलांचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यांच्या लेखी सोमवार संध्याकाळीच लागला होता. तिघांच्या कागदांत दोन वार दिसतील आणि तिघेही खरे बोलत असतील. ५ एप्रिल की ६ एप्रिल हा वाद यातूनच निघतो.

रायरी:

खूप आभार. शुक्रवार-शनिवारचा उलगडा गटाला वाचून दाखवतो. दोन बारीक शंका उरल्या. १९ फेब्रुवारी जुलियन आहे हे कळल्यावर आता एक सदस्य म्हणतो की ती 'चुकीची' आहे, १ मार्च म्हणायला हवे. दुसरे, गोव्याकडच्या पोर्तुगीज कागदांना काय नियम लावायचा?

शंकेखोर:

१९ फेब्रुवारी चुकीची नाही, ती जुन्या गणनेतली आहे. शिवकाळाच्या तारखा आपल्या अभ्यासकांनी जुलियन ठेवल्या, कारण ताडून पाहायची इंग्रजी साधने त्या गणनेत होती. राज्य शासनाने २००१ मध्ये तीच तारीख मान्य केली. इंग्रजही न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ लिहितात, ग्रेगोरियन गणनेत तो ४ जानेवारी १६४३ होतो. अडचण येते सरमिसळीने. औरंगजेबाचा जन्म एका पुस्तकात २४ ऑक्टोबर १६१८ आणि दुसऱ्यात ३ नोव्हेंबर दिसतो. दिवस एकच आहे. पण एकाच लेखात त्याचा जन्म ग्रेगोरियन आणि महाराजांचा जुलियन घेऊन वयाचा दिवसागणिक हिशेब केलात तर तो दहा दिवसांनी चुकेल. तिथीने साजरी करणाऱ्यांना ही अडचण येतच नाही, हा तिथीच्या बाजूचा खरा भक्कम मुद्दा आहे. तो सोडून लोक भलत्याच मुद्द्यांवर भांडतात.

मोडीवाचक:

पोर्तुगीजांचे सगळे कागद ग्रेगोरियन. डच कंपनी आणि फ्रेंच यांचेही तसेच. म्हणजे शिवकाळात या चौघांत इंग्रज एकटे मागे. मुंबईहून १ जूनला निघालेल्या पत्राला गोव्याहून १५ जूनचे उत्तर असेल तर मध्ये १४ नाही, ४ दिवस गेले. टपाल, गलबतांची ये-जा किंवा फौजेचा वेग यांवर काही लिहिणार असाल तर आधी हे दहा दिवस वजा करा, नाहीतर सैन्य आळशी ठरते. संभाजी महाराजांनी गोव्याजवळचे जुवे बेट घेतले ती रात्र पोर्तुगीज गणनेने २४ नोव्हेंबर १६८३, जुन्या इंग्रजी गणनेने १४ नोव्हेंबर. मराठी पुस्तकांत दोन्ही सापडतात, आणि मग 'दोन हल्ले झाले' असे समजणारेही.

टिपणवहीत मूळ कागदातला काळ आहे तसा, शब्दन् शब्द उतरवा. त्याखाली तुमचे रूपांतर, पुढे जु. किंवा ग्रे., आणि शेवटी काढलेला वार. रूपांतर पुसले तरी चालेल, मूळ काळ कधी पुसू नका. रात्रीची घटना असेल तर ४-५ ऑगस्ट असा जोड दिनांक लिहा. अधिक महिन्याचे वर्ष आहे का हे पाहायला स्वामीकन्नू पिळ्ळै यांची जंत्री मोठ्या ग्रंथालयात मिळते, ती इ.स. ७०० ते १७९९ पर्यंत रोजच्या रोज तिथी देते. राज्याभिषेक शक असलेली पत्रे चाळताना मात्र त्याचे वर्ष पाडव्याला बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलते हे ध्यानात ठेवा: तिथून डिसेंबरअखेर १६७३ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या ज्येष्ठ शुद्ध १२ पर्यंत १६७४.